मणक्याला हात लावण्याआधी

आमच्या आजोळी कुणाच्या कंबरेत उसण भरली की पहिली हाक धाकट्या मावशीला जायची. मावशी पायाळू. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, आणि पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते, असा समज आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला. दुखणाईत माणूस ओसरीवर पालथा पडायचा, मावशी पदर खोचून डाव्या पायाची टाच त्याच्या कंबरेला तीनदा हलकेच टेकवायची, की झालं. पैसे नाहीत, नारळ नाही. बहुतेकांना दोन-चार दिवसांत आराम पडायचा. साधी उसण काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपली आपण उतरते, हे मला पुष्कळ नंतर कळलं. पण त्या रिवाजात एक शहाणपण होतं. आठ दिवसांत उतरली नाही, तर आजी म्हणायची, "आता हे पायाळूचं काम नाही. डॉक्टरला दाखवा."

मामांच्या वेळी हे वाक्य म्हणायला घरात कुणी उरलं नव्हतं.

मामा ६१ वर्षांचे. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते, त्यामुळे पाठ दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी, खुद्द त्यांनीही, ती ड्रायव्हरची पाठ म्हणूनच धरली. नेहमीच्या दवाखान्यात दोन मिनिटांत इंजेक्शन मिळालं आणि "मणक्यात गॅप आलाय, पट्टा वापरा" एवढं ऐकायला मिळालं. मग त्यांच्या मुलानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. टेबलावर झोपलेला माणूस, हनुवटीखालून घातलेला पट्टा, एक जोरदार हिसका, कडकट्ट आवाज आणि उठून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी. तालुक्याच्या गावी तसंच एक कायरोप्रॅक्टिकचं, म्हणजे हातानं झटका देऊन मणके 'बसवण्याचं', सेंटर निघालं होतं. बारा बैठकांचे नऊ हजार रुपये आगाऊ भरले.

मामांना तिथं आवडलं. हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढची सगळी गोष्ट या आवडण्यातूनच घडली. तिथल्या तरुणानं त्यांना झोप कशी लागते विचारलं, जेवण विचारलं, निवृत्तीनंतर वेळ कसा जातो विचारलं. बोलताना खांद्यावर हात ठेवला. "एवढं मला आजवर कुठल्या डॉक्टरनं विचारलं नव्हतं," असं मामा घरी येऊन म्हणाले. प्रत्येक बैठकीनंतर संध्याकाळपर्यंत पाठ हलकी वाटायची. याच काळात त्यांच्या अंगात रोज तिन्हीसांजेला कसर यायची, रात्री पाठ ठणकून जाग यायची आणि पँट कंबरेत सैल झाली होती. त्यांनी हेही त्या मुलाला सांगितलं. "शरीरातली घाण बाहेर पडतेय काका, चांगलं लक्षण आहे," असं उत्तर मिळालं. नवव्या बैठकीनंतर घरी येताना उजव्या पायातली चप्पल वाटेत निसटली आणि मामांना ते कळलंच नाही. फाटकाशी मामींनी विचारलं, "अहो, एका पायात चप्पल कुठाय?"

एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला. दोन मणके पोखरले होते, पू साठून मज्जारज्जूवर दाब आला होता. ऑपरेशन झालं, स्क्रू बसले, एकेटीच्या, म्हणजे टीबीवरच्या, गोळ्या वर्षाहून जास्त चालल्या. सर्जननी आम्हाला दोषही दिला नाही आणि धीरही दिला नाही. एवढंच म्हणाले, "पोखरलेल्या मणक्यावर झटका बसला की तो खचतो. यांचे पाय वाचले, हे नशीब समजा."

त्या मुलाचं शिक्षण काय होतं, हे आम्ही नंतर विचारलं. जिममध्ये ट्रेनर म्हणून काही वर्षं आणि एका शहरात तीन दिवसांची कार्यशाळा. प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. तो खोटारडा नव्हता. क्षयानं पोखरलेला मणका कसा ओळखायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ते शिकल्याशिवाय टेबल मांडता येणार नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: ज्याला दुसऱ्याच्या मणक्याला झटका द्यायचा आहे, त्यानं झटका कधी द्यायचा नाही हे आधी शिकलं पाहिजे, आणि तो ते शिकलाय याची नोंद सरकारदरबारी असली पाहिजे. त्याच्या विद्येचं नाव काय, तिचं तत्त्वज्ञान काय, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे वाद नेहमी त्या पुढच्या प्रश्नावर रंगतो आणि पहिला तसाच राहतो.

ही कायरोप्रॅक्टिकची विद्या मूळची अमेरिकेतली. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट नावाचं शहर आहे. तिथं डॅनियल डेव्हिड पामर हे गृहस्थ हातातल्या चुंबकशक्तीनं रोग बरे करतो म्हणून दुकान मांडून बसले होते. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी त्याच इमारतीत साफसफाईचं काम करणाऱ्या हार्वे लिलार्ड यांच्या पाठीचा एक मणका दाबून जागेवर बसवला आणि लिलार्ड यांचं १७ वर्षांचं बहिरेपण गेलं, असं पामर यांनीच लिहून ठेवलंय. ऐकण्याची नस मेंदूतून कानाकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून तिचा रस्ताच नाही. म्हणजे हकिगत शरीरशास्त्राशी जुळत नाही, पण विद्या उभी राहिली ती तिच्यावरच. ग्रीक भाषेतल्या 'हात' आणि 'कृती' या शब्दांवरून नाव पडलं, १८९७ मध्ये शाळा निघाली. शंभरातले ९५ रोग मणके सरकल्यामुळे होतात आणि उरलेले पाच इतर सांधे सरकल्यामुळे, असं पामर यांनी ठासून सांगितलं. या सरकण्याला त्यांनी 'सब्लक्सेशन' म्हटलं.

आपण हसण्याआधी आपल्या 'गॅप'कडे पाहावं. महाराष्ट्रात पाठ दुखणाऱ्या दहा जणांना विचारा, निदान पाच जण म्हणतील की मणक्यात गॅप आहे. गादी सरकली, शीर दबली, चकती घसरली. डॉक्टरही समजावायला सोपं म्हणून हेच शब्द वापरतात. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के निरोगी माणसांच्या चकत्यांमध्ये झीज दिसते आणि ऐंशीच्या घरात ती ९६ टक्क्यांत दिसते, असं त्यात आढळलं. फोटोत गॅप दिसणं आणि त्या गॅपमुळे पाठ दुखणं यांत पुष्कळ अंतर आहे. पामर यांचं सब्लक्सेशन आणि आपला गॅप हे एकाच कल्पनेचे दोन अवतार आहेत. काहीतरी जागेवरून हललंय, कुणीतरी ते परत बसवावं. दुखणाऱ्या माणसाला ही कल्पना फार आधार देते, कारण तिच्यात दुखण्याला जागा असते आणि इलाजाला आवाज असतो.

तो आवाज तरी कसला असतो? २०१५ मध्येच कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी बोट ओढून कडकड वाजतानाचं दृश्य एमआरआयमध्ये टिपलं. सांधा झटक्यात ताणला गेला की आतल्या वंगणात एक पोकळी तयार होते, आवाज त्याच क्षणी होतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. पण मामा प्रत्येक बैठकीत त्या कडकट्ट आवाजाची वाट पाहायचे. आवाज आला नाही त्या दिवशी त्यांना चुकल्यासारखं वाटायचं.

परवान्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सुरुवातीच्या कायरोप्रॅक्टरांना अमेरिकेत तुरुंग पाहावा लागला. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून १९०६ मध्ये स्वतः पामर गजाआड गेले. मग एकेका राज्यानं परवाने द्यायला सुरुवात केली. कॅन्सस पहिलं, १९१३ मध्ये. कॅलिफोर्नियात १९२२ साली लोकांनी थेट मतदान करून कायदा आणला. लुइझियाना शेवटचं, १९७४ मध्ये. हा ६१ वर्षांचा प्रवास फुकट गेला नाही. परवाना द्यायचा म्हणजे शिक्षण मोजावं लागतं, शिक्षण मोजायचं म्हणजे शरीररचना, रोगनिदान, क्ष-किरण हे विषय अभ्यासक्रमात घ्यावे लागतात, परीक्षा घ्यावी लागते, आणि चुकणाऱ्याचं नाव पटावरून काढायची सोय करावी लागते. आज तिथं आधी काही वर्षं कॉलेज, मग चार वर्षांचं पूर्णवेळ व्यावसायिक शिक्षण, राष्ट्रीय मंडळाची चार टप्प्यांची परीक्षा आणि वर राज्याचा परवाना असा रस्ता आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ साली या विद्येच्या शिक्षणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण शिक्षणासाठी किमान ४,२०० तास, आणि त्यांतले किमान १,००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत, असं त्यांत म्हटलंय.

४,२०० तास आणि तीन दिवस. तीन दिवस म्हणजे फार तर २४ तास.

या तासांचा उपयोग काय होतो, हे माझ्या न्यू जर्सीतल्या आतेबहिणीनं सांगितलेल्या अनुभवातून मला उमगलं. तिची मान धरली होती, उजव्या हाताला मुंग्या येत होत्या. ती परवानाधारक कायरोप्रॅक्टरकडे गेली. बाईंनी पाऊण तास तपासलं, हातोडीनं ठोकून पाहिलं, दोन्ही हातांची पकड घ्यायला लावली, चालून दाखवायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "तुमच्या हातात जोर कमी आहे. मी आज तुमच्या मानेला हात लावणार नाही. आधी एमआरआय करा आणि या डॉक्टरांना दाखवा." ताईचे त्या दिवशीचे पैसे सत्कारणी लागले ते न दिलेल्या झटक्यासाठी. आता दुसरी बाजूही सांगते. पुढे सगळं ठीक निघाल्यावर त्याच बाईंनी तिला ३६ बैठकांचं पॅकेज आगाऊ घ्यायला सुचवलं, आणि मुलांनाही 'तपासून' घ्यायला आणा म्हणाल्या. परवान्यानं धंद्याची हाव जात नाही. मात्र तक्रार करायला एक दार उपलब्ध होतं, आणि त्या बाई त्या दाराला भीत होत्या.

परवाना म्हणजे सत्याचा शिक्का नव्हे, हे सगळ्यात स्पष्टपणे सांगितलं ते एका न्यायाधीशांनी. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं १९६३ मध्ये भोंदूगिरीविरुद्ध एक समिती नेमली होती आणि कायरोप्रॅक्टिक संपवणं हा तिच्या कामाचा मोठा भाग होता. कायरोप्रॅक्टरशी व्यावसायिक संबंध ठेवणं डॉक्टरांसाठी अनैतिक ठरवलं गेलं होतं. चेस्टर विल्क आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १९७६ साली खटला भरला. ११ वर्षांनी, १९८७ मध्ये, न्यायाधीश सुझन गेटझेंडॅनर यांनी निकाल दिला की असोसिएशननं संगनमत करून बेकायदा बहिष्कार टाकला. पण हा निकाल म्हणजे कायरोप्रॅक्टिकच्या शास्त्रीयतेला न्यायालयाची मान्यता समजू नये, हेही त्यांनी त्यात स्पष्ट केलं. कायरोप्रॅक्टिकचे समर्थक हा खटला सांगताना बहुधा हा भाग गाळतात. विरोधक सगळा खटलाच गाळतात.

आता पुराव्याचं. प्रामाणिकपणे सांगायचं तर तो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. साध्या कंबरदुखीत हातानं केलेल्या मणक्याच्या उपचारांचा काही लोकांना माफक फायदा होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१७ च्या मार्गदर्शनात गोळ्यांआधी करून पाहायच्या उपायांत शेक, मालिश, व्यायाम यांच्यासोबत त्यांनाही जागा दिली, पुरावा कमी दर्जाचा आहे असं नमूद करून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जे सांगितलं, त्यातही ते आहेत. म्हणजे 'सगळं थोतांड' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी थोडं थांबावं. पण दमा, लहान मुलांचं पोटशूळ, कानाचे आजार, रक्तदाब हे मणक्याला झटका देऊन बरे होतात, याला भरवशाचा आधार नाही. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असं क्वचित घडतं, आणि झटक्यामुळे फाटली की फाटायला लागलेली म्हणूनच मान दुखत होती व माणूस तिथं गेला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण हा मतभेद खरा असेल, तर मान दुखते म्हणून आलेल्या माणसाची रक्तवाहिनी फाटत नाही ना, हे ओळखण्याची जबाबदारी वाढते.

नियमन करणारी संस्था आपल्याच व्यवसायाला कशी वठणीवर आणू शकते, याचं चांगलं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथं १९९४ चा कायदा आहे आणि जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल आहे. नोंदणीशिवाय स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं तिथं गुन्हा ठरतो. २००८ मध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की लहान मुलांच्या आजारांवर हे उपचार करण्यामागे पुरावा नाही. व्यावसायिकांच्या संघटनेनं त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला. दोन वर्षं तो चालला आणि २०१० मध्ये संघटनेनंच मागे घेतला. त्याच वर्षी कौन्सिलनं जाहीर केलं की सब्लक्सेशन ही ऐतिहासिक कल्पना आहे आणि तिच्यामुळे रोग होतात याला वैद्यकीय संशोधनाचा आधार नाही. ज्या कल्पनेवर ही विद्या उभी राहिली, ती तिच्याच नियामकानं बाजूला ठेवली. ऑस्ट्रेलियात एका तान्ह्या बाळावर चाललेल्या उपचारांचा व्हिडिओ पसरला आणि खळबळ उडाली. तेव्हा तिथल्या मंडळानं २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्यावर झटक्याचे उपचार करू नयेत असं बजावलं. आपल्याकडे असाच व्हिडिओ पसरला, तर लाखो लोक तो एकमेकांना पाठवतील. बजावणार कोण?

'होलिस्टिक' या शब्दाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण मामा त्याच शब्दाच्या मागे गेले. सेंटरच्या पाटीवर तो मोठ्या अक्षरांत होता. समग्र आरोग्य. माणूस म्हणजे फक्त गुडघा नाही, फक्त यकृत नाही, तो सबंध माणूस आहे, हे म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि आधुनिक वैद्यकाला ते वारंवार ऐकवायला हवं. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये निसर्गोपचार आश्रम सुरू केला. स्वच्छ पाणी, सफाई, आहार आणि गावाचं जगणं यांपासून आरोग्य वेगळं काढता येत नाही, अशी त्यामागची धारणा होती. पुढे त्याच कामातून मणिभाई देसाईंनी गाई-म्हशींच्या सुधारणेचं, शेतकऱ्याच्या पोटापाण्याचं एवढं मोठं काम उभं केलं. रोग्याला बरं करायचं तर त्याच्या घरात दूध हवं, इथपर्यंत तो विचार गेला. समग्र म्हणतात ते याला.

आणि मणका? प्रत्येक रोगाचं मूळ मणक्यात शोधणं हा माणसाकडे पाहण्याचा सगळ्यात अरुंद मार्ग झाला. सबंध माणूस पाहतो म्हणणाऱ्यानं संध्याकाळचा ताप पाहिला पाहिजे, सैल झालेली पँट पाहिली पाहिजे. मामांची विचारपूस झाली, पण ते उत्तरात जे बोलले त्याचा अर्थ लावायला लागणारं ज्ञान समोरच्याकडे नव्हतं. सहानुभूतीनं विचारणं आणि ऐकलेल्यातून धोका ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. दवाखान्यातल्या डॉक्टरकडे दुसरं होतं, पहिल्यासाठी वेळ नव्हता. सेंटरमधल्या मुलाकडे पहिलं होतं. मामा या दोघांच्या मधल्या फटीत सापडले. डॉक्टरांच्या संघटना भोंदूगिरीवर बोलतात तेव्हा मला त्या दोन मिनिटांची आठवण होते, आणि ती त्यांनाही व्हावी असं मनापासून वाटतं.

पाठीचा समग्र विचार खरंच करायचा असेल, तर वाशीच्या घाऊक बाजारात जावं. गोणीचं वजन ५० किलोच्या वर नको, यासाठी माथाडी कामगारांना वर्षानुवर्षं झगडावं लागलंय. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्याला बारा बैठकांचं पॅकेज काय देणार? ऊसतोडीची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बीडच्या बाईची कंबर कुठल्या टेबलावर बसवणार? जगात २०२० मध्ये सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती असा अंदाज आहे. पोत्याचं वजन कमी करणाऱ्या कामगार संघटनेनं जेवढ्या पाठी वाचवल्या असतील, तेवढ्या कुठल्याही एका उपचारपद्धतीनं वाचवल्या नसाव्यात, असं माझं मत आहे.

अमेरिकेतच या विद्येची एक थोरली बहीण आहे, तिच्याकडे पाहिलं की परवान्याचा खरा परिणाम कळतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ च्या सुमारास ऑस्टिओपॅथी मांडली. तिचाही भर हाडं-सांध्यांवर, तिचाही दावा मोठा. पण तिच्या शाळांनी हळूहळू औषधशास्त्र घेतलं, शस्त्रक्रिया घेतली, रुग्णालयातली उमेदवारी घेतली, एकाच कारणाचा हट्ट सोडला. आज तिथले ऑस्टिओपॅथ एमडी डॉक्टरांच्या बरोबरीनं काम करतात. हातानं तपासणं त्यांनी टाकलेलं नाही, पण सगळं त्यावर टांगून ठेवलेलं नाही. कायरोप्रॅक्टिकमध्ये हा झगडा शंभर वर्षं चालू आहे. मूळ तत्त्व शुद्ध ठेवू पाहणारे एका बाजूला आणि पुराव्यानुसार बदलणारे दुसऱ्या. दुसऱ्या गटातली माणसं उत्तम काम करतात, आणि त्यांना पहिल्या गटाच्या दाव्यांची लाज वाटते.

आपल्याकडे काय स्थिती आहे? भारतात कायरोप्रॅक्टरची कायद्यानं ठरवलेली स्वतंत्र नोंदणी नाही. परदेशात पूर्ण शिकून आलेले मोजके लोक आहेत आणि त्यांच्याच नावाखाली तीन दिवसांत शिकलेले असंख्य. पाटी दोघांची सारखीच. फिजिओथेरपिस्टांचं तसं नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली ते साडेचार वर्षं शिकत आलेत, राज्याची त्यांच्यासाठी परिषद आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं त्यांच्यासह इतर अनेक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणला. मणक्यावरच्या हातोपचारांचं शिक्षण त्यांना मिळतं. मग तेच काम कुणीही, कुठल्याही नावानं, कसल्याही नोंदीशिवाय करू शकत असेल, तर त्या साडेचार वर्षांना अर्थ काय?

कायद्यातली फट किती मोठी आहे, ते आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा दिसलं. सरकारी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्यानं औषध दिलं का?" नाही. "इंजेक्शन? सलाईन?" नाही. "स्वतःला डॉक्टर म्हणवलं? पाटीवर, पावतीवर?" नाही. पावतीवर 'वेलनेस सेशन' असं लिहिलेलं. मग ते म्हणाले, "बोगस डॉक्टरची मोहीम असते आमची, पण हा त्यात बसवायचा कसा?" त्या माणसाची चूक नव्हती. १९६१ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानं नोंदणीशिवाय वैद्यकी करायला बंदी आहे, पण वेलनेस म्हटलं की वैद्यकी संपते अशी सगळ्यांची समजूत झालेली आहे. औषधं आणि चमत्कारी उपाय यांच्या जाहिरातींना आळा घालणाऱ्या १९५४ च्या कायद्यात बहिरेपणाचं नाव आहे. म्हणजे पामर यांनी लिलार्डना एखादं चूर्ण देऊन बहिरेपण घालवल्याची जाहिरात आज इथं केली असती, तर कायदा आडवा आला असता. हातानं घालवलं म्हटलं, की तोच कायदा चाचपडतो.

मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली मोलाचं सांगितलंय. होमिओपॅथीचं शिक्षण घेतलेल्या एकानं ॲलोपॅथीची औषधं दिली, रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं ज्ञान नाही त्या पद्धतीनं उपचार करणारा तो भोंदू, असा त्या निकालाचा आशय. मला वाटतं कायदा करताना हेच सूत्र हाताच्या कामाला लावावं. नोंदणी विद्येच्या नावाची नको, कृतीची हवी. मणक्याच्या सांध्याला झटका देणं ही एक धोक्याची कृती आहे, असं आधी म्हणावं. ती कृती करणारा फिजिओ असो, परदेशी पदवीचा कायरोप्रॅक्टर असो, आयुर्वेदाचा वैद्य असो की हाडवैद्याच्या घराण्यातला असो, त्याचं देखरेखीखालचं शिक्षण किती तासांचं झालं हे तपासावं, परीक्षा घ्यावी, क्रमांक द्यावा, तो पाटीवर आणि पावतीवर छापणं सक्तीचं करावं. धोक्याची लक्षणं तोंडपाठ हवीत: ताप, घटलेलं वजन, रात्रीचं दुखणं, पायातला जोर जाणं, लघवी अडणं, बैठकीच्या जागी बधिरपणा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, त्यामुळे इथला अभ्यासक्रम अमेरिकेतून जसाच्या तसा आणूनही भागणार नाही. इथं मणक्याचा टीबी पहिल्या धड्यात हवा. तान्ह्या मुलांच्या मणक्याला आणि मानेला झटका सरळ बंद. न्हाव्याच्या खुर्चीत मान कडकन मोडण्याबद्दलही लोकांना सांगायला हवं, तिथं नोंदणीची भाषा लागू नाही.

यावर डॉक्टर मंडळी म्हणतात की नोंदणी दिली की राजमान्यता मिळते, उद्या हेच लोक नावामागे डॉक्टर लावतील आणि मधुमेहही बरा करू म्हणतील. ही भीती खोटी नाही. परवान्यानं दावे आपोआप खरे होत नाहीत, पण लोकांना तसं वाटतं. म्हणूनच क्रमांकासोबत कामाची हद्द छापलेली हवी, आणि हद्द ओलांडणाऱ्याचा क्रमांक काढून घेणारी यंत्रणा हवी. नोंदणी न देण्याचा पर्याय आपण इतकी वर्षं वापरून पाहिलाच आहे. त्यानं सेंटरं कमी झाली नाहीत, फक्त ती कुणाला जबाबदार नाहीत.

आणि हाडवैद्यांना घालवून द्यावं असंही मला वाटत नाही. गावोगावच्या सुईणींना सरकारनं एके काळी प्रशिक्षण दिलं. नवं पातं, स्वच्छ दोरा, साबण, आणि कुठल्या बाईला ताबडतोब दवाखान्यात न्यायचं ते. ज्यांच्या हातांवर गावाचा विश्वास होता, त्या हातांना हद्द शिकवली. आजीकडे ती हद्द कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय होती.

मामा आता काठी घेऊन चालतात. पाठीचे स्नायू बळकट करायला त्यांना फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलं, तेव्हा मामी सोबत गेल्या. मामा टेबलावर झोपायला लागले, तर त्यांनी हात धरून थांबवलं. भिंतीवरच्या चौकटीजवळ गेल्या, पर्समधून चष्मा काढला आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक एकेक आकडा मोठ्यानं वाचून डायरीत लिहून घेतला. थेरपिस्ट मुलगी उभी राहिली होती. "काकू, ऑपरेशनचे कागद आणलेत का? ते पाहिल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही," ती म्हणाली. मामींनी फाइल पुढे केली आणि मामांना म्हणाल्या, "झोपा आता."